विमानाने माल पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे हे प्रश्न रोज येतात. विचारणाऱ्यांत देवगड-रत्नागिरीचे बागायतदार असतात, पुणे-नाशिकचे छोटे उद्योजक असतात आणि मुलं परदेशात असलेले आईवडीलही असतात. माल विमानात बिघडण्यापेक्षा जमिनीवर अडण्याचे प्रसंग कितीतरी जास्त येतात, आणि तो अडतो ते कागदावर, काट्यावर किंवा वेळेवर. म्हणून त्या तीन विषयांची उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत. उदाहरणांतले दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. चालू भाडं बुकिंगच्या दिवशीच विचारा.

१. विमान कंपनी तर प्रवासी नेते. मग आमचा माल नेमका कुठे ठेवतात?

बहुतेक वेळा प्रवाशांच्या पायाखाली. प्रवासी विमानाच्या खालच्या भागात बॅगा ठेवून जी जागा उरते, ती कंपनी मालासाठी विकते. तिला सगळे 'बेली' म्हणतात. जगातला साधारण निम्मा हवाई माल असा जातो आणि बाकीचा फ्रेटरमधून, म्हणजे फक्त मालवाहू विमानांतून. बोइंग ७७७ फ्रेटर एका खेपेत सुमारे १०० टन उचलतं. आपल्याकडे ब्लू डार्टची बोइंग ७५७ विमानं आहेत. इंडिगोने २०२२ मध्ये प्रवासी एअरबस ए३२१ चं रूपांतर करून मालवाहू विमान आणलं, ते २७ टनांपर्यंत नेतं.

२०२० मध्ये हवाई भाडी का भडकली, हेही यावरून कळतं. प्रवासी उड्डाणं थांबली आणि सगळी बेलीच नाहीशी झाली.

माल हा विमान कंपन्यांचा जोडधंदा आहे असं अनेकांना वाटतं. पण १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात प्रवासी नव्हते, सुमारे २५ किलो टपाल होतं. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची सुरुवात ती.

२. मी थेट विमान कंपनीच्या कार्गो काउंटरवर माल देऊ शकतो का, की एजंट लागतोच?

देशांतर्गत पाठवणीत अनेक कंपन्या थेट बुकिंग घेतात. ओळखपत्र, मालाचं वर्णन, इन्व्हॉइस आणि लागू असेल तिथे ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा कागद) घेऊन जा.

निर्यातीत मात्र दोन माणसं लागतात, आणि त्यांची गल्लत करू नका. फॉरवर्डर विमानातली जागा घेतो. कस्टम ब्रोकर, ज्याला सगळे सीएचए म्हणतात, तो शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज) भरून कस्टम्सकडून माल सोडवतो. बऱ्याचदा ही दोन्ही कामं एकाच ऑफिसात होतात. तुमच्याकडे डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक हवा आणि बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक, त्या विमानतळाच्या कस्टम्सकडे नोंदलेला हवा. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांची अर्धी धावपळ या एडी कोडपायी होते. माल तयार होण्याची वाट न पाहता तो आधीच नोंदवून ठेवा.

फॉरवर्डरचा दर कधीकधी कंपनीच्या जाहीर दरापेक्षा कमी निघतो, कारण तो अनेकांचा माल एकत्र करून घाऊक जागा घेतो.

३. कुरिअर आणि एअर कार्गो यांत फरक काय? मुलीला दिवाळीचा फराळ कशाने पाठवू?

कुरिअर दारातून दारात जातं. एअर कार्गो विमानतळापासून विमानतळापर्यंत जातो; पुढची कस्टम्सची सोडवणूक आणि घरापर्यंतची गाडी वेगळी. दहा-बारा किलोच्या फराळासाठी कार्गोचं किमान भाडं, टर्मिनलचे आकार आणि तिकडे विमानतळावर जाऊन सोडवण्याची दगदग परवडत नाही. फराळ कुरिअरने किंवा टपालाने पाठवा आणि त्या देशात दुधाच्या पदार्थांना परवानगी आहे का ते आधी विचारा. साधारण ४५ किलोच्या पुढे कार्गोचा विचार करण्यात अर्थ आहे (प्रश्न ५ पाहा).

४. माझं खोकं काट्यावर ४० किलो भरलं. बिल ६४ किलोचं का आलं?

विमानात वजनासारखीच जागाही संपते. म्हणून कंपनी दोन वजनं काढते आणि जे जास्त असेल त्यावर भाडं लावते. एक काट्यावरचं वजन. दुसरं आकारमानाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं.

तुमचं खोकं ८० × ६० × ८० चं असेल तर गुणाकार ३,८४,०००, भागाकार ६४. आकारणी ६४ किलोवर. एक घनमीटर जागा म्हणजे सुमारे १६७ किलो, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज येतो. अनेक कुरिअर कंपन्या ६००० ऐवजी ५००० ने भागतात, त्यामुळे तेच खोकं तिथे ७७ किलोच्या घरात जातं.

इथे पैसे खरोखर वाचवता येतात. खोकं फुगलेलं असेल, झाकण वर उचललेलं असेल किंवा बाहेरून लाकडी पट्ट्या मारल्या असतील, तर टर्मिनलवर सर्वात बाहेरच्या टोकापासून माप घेतात. उंची दहा सेंटिमीटर कमी झाली तर वरच्या खोक्यात आठ किलो भाडं वाचतं. कपडे आणि हस्तकला पाठवणाऱ्यांनी पुठ्ठ्याचे खोके आपल्या मालाच्या मापाने बनवून घ्यावेत, बाजारातले तयार खोके घेऊ नयेत.

५. ९० किलोपेक्षा १०० किलोचं भाडं कमी कसं असू शकतं?

दराचे टप्पे असतात: ४५ किलोपर्यंत, मग ४५, १००, ३००, ५०० आणि १००० किलोपासून पुढे. टप्पा वाढला की किलोचा दर उतरतो. समजा ४५ च्या टप्प्यात दर २०० रुपये आणि १०० च्या टप्प्यात १७० रुपये आहे. ९० किलोचे १८,००० होतात, तर १०० किलोचे १७,०००. अशा वेळी ९० किलो माल १०० किलो धरून पाठवता येतो, आणि ते नियमाला धरून आहे. एजंटने स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा.

इंधन अधिभार, सुरक्षा अधिभार, टर्मिनलचे आणि कागदपत्रांचे आकार यावर वेगळे लागतात. दोन एजंटांचे दर तुलताना फक्त किलोचा दर पाहू नका, सगळं धरून येणारी रक्कम लेखी मागा.

६. एअर वे-बिल म्हणजे मालाची मालकी का? परदेशी ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर ते अडवून ठेवता येईल का?

नाही, आणि या गैरसमजामुळे लोकांचे पैसे बुडतात. समुद्रमार्गाचं बिल ऑफ लेडिंग मालकीचा कागद असू शकतं. ते हातात असेपर्यंत माल तुमच्या ताब्यात राहतो. एअर वे-बिल हा वाहतुकीचा करार आणि माल मिळाल्याची पोच आहे. त्यावर ज्याचं नाव माल घेणारा म्हणून लिहिलं आहे, त्याला ओळख पटवून माल मिळतो. मूळ वे-बिल तुमच्या कपाटात असलं तरी.

ग्राहक नवा असेल तर आगाऊ पैसे घ्या, किंवा लेटर ऑफ क्रेडिट (पैशांची बँकेची हमी) करून ग्राहकाच्या देशातल्या बँकेला तिच्या संमतीने माल घेणारी म्हणून लिहा. बँकेने सोडपत्र दिल्याशिवाय ग्राहकाला माल मिळत नाही.

वे-बिलाचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले तीन अंक कंपनीचे: एअर इंडिया ०९८, इंडिगो ३१२, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा ०२०. पुढचे सात अंक अनुक्रमांक, आणि शेवटचा अंक म्हणजे त्या सात अंकी संख्येला ७ ने भागून उरलेली बाकी. १२३४५६७ ला ७ ने भागलं की बाकी ५, म्हणून शेवटचे आठ अंक १२३४५६७५ असे येतील. फोनवर घेतलेला क्रमांक चुकला का, हे असं घरबसल्या तपासता येतं.

फॉरवर्डरने अनेकांचा माल एकत्र पाठवला असेल तर कंपनीचं मास्टर वे-बिल त्याच्या नावे निघतं आणि तुम्हाला त्याचं हाउस वे-बिल मिळतं. हाउस क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सापडत नाही. मास्टर क्रमांक मागून घ्या.

७. ट्रॅकिंगमध्ये आरसीएस, आरसीएफ असली अक्षरं दिसतात. माल नेमका कुठे आहे?

आरसीएस म्हणजे कागद-वजन-तपासणी पूर्ण होऊन कंपनीने माल वाहतुकीसाठी स्वीकारला. डीईपी म्हणजे विमान सुटलं. आरसीएफ म्हणजे उतरल्यावर माल गोदामात मोजून घेतला. एनएफडी म्हणजे माल घेणाऱ्याला कळवलं, आणि डीएलव्ही म्हणजे ताब्यात दिला. डीआयएस दिसलं तर लगेच फोन करा, नगांत किंवा कागदांत तफावत आहे.

सगळ्यात महत्त्वाची पायरी आरसीएस. गाडी विमानतळाच्या आवारात उभी आहे याचा अर्थ माल कंपनीने घेतला असा होत नाही.

८. रात्री दोनचं विमान आहे. माल संध्याकाळी सातला आणला तर चालेल ना?

प्रत्येक उड्डाणाला कटऑफ असतो आणि तो कंपनीनुसार, मालानुसार बदलतो. नाशवंत मालाला थोडी उशिराची वेळ मिळते. पण कटऑफ म्हणजे गाडी फाटकावर पोहोचण्याची वेळ नव्हे. त्याआधी बरंच काही उरकावं लागतं: गाडीचा नंबर लागणं, माल उतरवणं, काटा, माप, गरज पडली तर कस्टम्सची तपासणी, कस्टम्सचा 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' (माल निर्यात होऊ द्या असा आदेश) आणि एक्स-रे. ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या नियमांनुसार सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय माल विमानात चढत नाही. यंत्रात न मावणाऱ्या किंवा प्रतिमा स्पष्ट न येणाऱ्या नगाची तपासणी दुसऱ्या पद्धतीने होते आणि त्याला वेळ जातो. मग माल पॅलेटवर (विमानात चढवायच्या सपाट पाटावर) रचून जाळीने बांधतात, आणि ते काम विमान सुटण्याच्या बऱ्याच आधी संपलेलं लागतं.

सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे शिपिंग बिलावरचं वजन किंवा नगांची संख्या आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक. दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात उड्डाण निघून जातं. पॅकहाउसमधून निघतानाच नग मोजा, वजन करा आणि तोच आकडा सीएचएला कळवा. आदल्या दिवशीचा अंदाज कळवू नका. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गो टर्मिनलला, येणारी गाडी वाशीच्या पुलावर अडकते, पनवेलला अडकते, हे गृहीत धरूनच निघा.

९. बुकिंग पक्कं होतं, माल वेळेत दिला, तरी तो ऑफलोड झाला. असं करता येतं का?

येतं. प्रवासी विमानात पहिला मान प्रवाशांचा आणि त्यांच्या बॅगांचा. विमान भरलेलं असेल, बॅगा जास्त आल्या, तर माल मागे राहतो. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ होते आणि विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो, म्हणून इंधन जास्त भरावं लागतं आणि तेवढा माल कमी होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या वाटा लांबल्या आणि हाच परिणाम मालावर झाला.

उपाय तीन. नाशवंत माल असेल तर प्राधान्याच्या दरात बुकिंग करा. अशा मालाला उतरवायची पाळी शेवटी येते. मोठ्या विमानाचं उड्डाण निवडा. आणि शुक्रवारी रात्री माल देऊ नका, कारण मागे राहिला तर शनिवार-रविवारी निर्णय घेणारं माणूस शोधावं लागतं.

१०. हापूस दुबई, लंडन आणि अमेरिकेला पाठवायचा आहे. नियम सारखेच आहेत का?

अजिबात नाहीत. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) सगळीकडे लागतं, पण फळावर कोणती प्रक्रिया करायची हे देशाप्रमाणे बदलतं. आखाती देशांना पाठवणं तुलनेने सोपं.

युरोपीय संघाने (तेव्हा ब्रिटनही त्यात होतं) फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. तिथे जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटांची उष्णजल प्रक्रिया वापरतात. जपानला बाष्प उष्णता प्रक्रिया लागते: फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.५ अंशांवर २० मिनिटं. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा, तीही मान्यताप्राप्त केंद्रात आणि अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. आपल्याकडे लासलगावचं 'कृषक' केंद्र आणि वाशीतलं पणन मंडळाचं केंद्र ही यातली ओळखीची नावं.

कागद किती महत्त्वाचा, ते मे २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मुंबईहून गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे नाकारल्या गेल्या, कारण विकिरणाच्या कागदपत्रात त्रुटी होती. प्रक्रिया झाली होती असं निर्यातदारांचं म्हणणं होतं. माल परत आणायचा किंवा तिथेच नष्ट करायचा, एवढेच पर्याय उरले. परत आणण्याचं भाडं फळाच्या किमतीपेक्षा जड, म्हणून आंबा नष्ट झाला. वर्षभर झाड सांभाळणाऱ्यासाठी हे फार क्लेशदायक आहे. म्हणून पुन्हा सांगतो: प्रक्रिया केंद्रातून निघताना प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक, पेट्यांची संख्या, तारीख आणि सही स्वतः ताडून पाहा. एजंटवर सोडू नका.

आंबा चौदा आणे तयार असताना काढा. पूर्ण पिकलेला आंबा प्रक्रियेची उष्णता आणि वाटेतले दिवस सोसत नाही.

११. 'कूल कार्गो' घेतलं की फ्रीजसारखी थंडी मिळते का?

साध्या बेलीत फ्रीज नसतो. प्राधान्याने हाताळणी, टर्मिनलवरची शीतखोली आणि थर्मल कव्हर, बहुधा एवढंच या दरात येतं. खरी अडचण विमानात नसून विमान आणि गोदाम यांमधल्या उघड्या डांबरावर होते. मे महिन्यात आखातातल्या विमानतळावर पॅलेट तासभर उन्हात राहिलं तर आधीची सगळी थंडी वाया जाते. शक्य असेल तर थेट उड्डाण घ्या. वाटेत विमान बदलायचं असेल तर रात्री बदललं जाईल असं पाहा.

दुसरी चूक म्हणजे सगळंच जास्तीत जास्त थंड ठेवणं. मावळातल्या पॉलिहाउसमधल्या गुलाबांना २ ते ४ अंश योग्य; हापूस तेवढ्या थंडीत सालीवर काळा पडतो, त्याला १२-१३ अंश लागतात. शिवाय पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवत नाहीत. तापमान वे-बिलावर आकड्यात लिहून घ्या, नुसतं 'थंड ठेवा' लिहू नका.

१२. औषधं पाठवायची आहेत. वेगळं काय लागतं?

तापमानाचा पट्टा, २ ते ८ किंवा १५ ते २५ अंश. लस किंवा इन्सुलिनसारख्या मालासाठी स्वतःची यंत्रणा असलेले कंटेनर भाड्याने मिळतात. ड्राय आइस वापरत असाल तर तो स्वतःच धोकादायक मालात मोडतो, संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन १८४५. त्याचं वजन खोक्यावर आणि वे-बिलावर लिहावं लागतं. प्रत्येक पेटीत तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र ठेवा. भरपाईच्या वेळी (प्रश्न १५) तोच तुमचा पुरावा.

१३. पॉवर बँक, अत्तर, रंग, इंजिनाचे सुटे भाग यांत धोकादायक काय आहे?

बरंच काही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, आणि पॉवर बँक त्यांतच मोडते, यूएन ३४८० खाली येतात. १ एप्रिल २०१६ पासून त्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. फ्रेटरमधून नेता येतात, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको. उपकरणात बसवलेली बॅटरी यूएन ३४८१ खाली येते आणि तिचे नियम वेगळे. अत्तर आणि रंग ज्वालाग्राही. वापरलेल्या इंजिनात किंवा पंपात इंधनाचे थेंब राहिले असतील तर तोही धोकादायक माल.

'सुटे भाग', 'घरगुती सामान' असं मोघम वर्णन लिहू नका. तपासणीत संशय आला की सगळी खेप थांबते. माहिती लपवणं भारतात गुन्हा आहे आणि त्यात शेकडो प्रवाशांचा जीव अडकलेला असतो.

१४. यंत्राची पेटी १७५ सेंटिमीटर उंच आहे. जाईल का?

प्रवासी विमानाच्या बेलीत नाही. मोठ्या विमानातही खालच्या भागात साधारण १६० सेंटिमीटर ही मर्यादा, छोट्या विमानात त्याहून बरीच कमी. यंत्र आडवं ठेवता येतं का, पाय सुटे करता येतात का ते पाहा, नाहीतर फ्रेटरचं भाडं भरा. लाकडी पेटी असेल तर आयएसपीएम-१५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला. प्लायवूडला ही अट नाही.

१५. माल खराब झाला. विमान कंपनी पूर्ण किंमत देईल का?

पूर्ण किमतीची खात्री नाही. आंतरराष्ट्रीय वाहतुकीला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. कराराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे डॉलरमध्ये साधारण पस्तीसच्या आसपास. आंब्याला ती पुरते, इलेक्ट्रॉनिक मालाला पुरत नाही. जास्त किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरता येतो, किंवा विमा घेता येतो.

मुदती पाठ करा. नुकसानीची लेखी तक्रार माल ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत, दावा दोन वर्षांत. माल घेणाऱ्याला सांगून ठेवा की खोकं फाटलेलं दिसलं तर सही करतानाच पावतीवर शेरा मारा आणि फोटो काढा. शेऱ्याविना घेतलेला माल चांगल्या स्थितीत मिळाला असं धरलं जातं.

मालाच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे किंवा तुमच्या कच्च्या पॅकिंगमुळे झालेली नासाडी कंपनीवर येत नाही. विम्याच्या पॉलिसीतही हा अपवाद बहुधा असतो. पॉलिसीत 'उशीर' वगळलेला आहे का, ते हप्ता भरण्याआधी वाचा.

१६. कृषी उडान योजनेत आमच्या भाड्याचे पैसे परत मिळतात का?

नाही. ही योजना २०२० मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारली गेली. निवडक विमानतळांवर विमानाच्या उतरण्याच्या, थांबण्याच्या आकारांत सवलत अशी तिची रचना आहे. ती सवलत विमान कंपनीला मिळते. यादीत ५८ विमानतळ आहेत, भर डोंगराळ, आदिवासी आणि ईशान्य भागावर. तुमच्या खात्यात काही जमा होणार नाही, आणि तसं सांगून कोणी नोंदणीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

१७. परदेशात नातेवाइकाचं निधन झालं. पार्थिव कसं आणतात?

पार्थिव विमान कंपनीच्या कार्गो विभागातून येतं आणि त्याला प्राधान्य असतं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, शवपेटी सीलबंद असल्याचं प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. भारतातल्या आरोग्य मंजुरीसाठी ऑगस्ट २०२३ पासून 'ई-केअर' हे सरकारी पोर्टल आहे. तिथल्या एखाद्या अंत्यसंस्कार सेवेकडे काम सोपवा आणि इथे विमानतळावर एकच नातेवाईक ओळखपत्रासह ठेवा. अस्थी असतील तर बऱ्याच कंपन्या त्या दाखल्यासह हातातल्या सामानात नेऊ देतात. तिकीट काढतानाच विचारून घ्या.

१८. माल पोहोचला, पण ग्राहक तो सोडवून घेत नाही. आता काय?

थोड्या मोफत मुदतीनंतर गोदामभाडं चढू लागतं. ट्रॅकिंगवर एनएफडी (प्रश्न ७) दिसल्यापासून दिवस मोजा. ग्राहकाने माल नाकारला किंवा त्याचा पत्ताच लागत नसेल, तर मालाची विल्हेवाट सांगण्याचा हक्क पाठवणाऱ्याकडे येतो. दुसऱ्या ग्राहकाला देणं, परत मागवणं किंवा सोडून देणं यांपैकी एक लेखी कळवा. ग्राहक माल मागू लागल्यावर मात्र हा हक्क संपतो. ज्याच्या नावे मास्टर वे-बिल आहे त्याची सूचनाच विमान कंपनी मानते, त्यामुळे पत्र फॉरवर्डरमार्फत जाऊ द्या. साचलेलं भाडं शेवटी पाठवणाऱ्याकडून वसूल होऊ शकतं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच निर्णय घ्या. नाशवंत मालाला तेवढा वेळही नसतो. त्याच शहरातल्या एखाद्या पर्यायी खरेदीदाराचा फोन क्रमांक माल पाठवण्याआधीच घेऊन ठेवा.